एक्सेलमध्ये युनिक्स टाइमस्टँपवरून भारतीय वेळ कशी काढायची

सर्व्हरच्या लॉगमध्ये १७०००००००० असा आकडा दिसतो, तो म्हणजे १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून (यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार) उलटलेले सेकंद. यालाच युनिक्स टाइमस्टँप म्हणतात. एक्सेल मात्र दिवस मोजतं. १ जानेवारी १९०० हा दिवस क्रमांक १, आणि वेळ म्हणजे दिवसाचा अपूर्णांक: दुपारचे १२ म्हणजे ०.५.

आधी टाइमस्टँपचे अंक मोजा. हल्लीच्या तारखांसाठी १० अंक म्हणजे सेकंद, १३ म्हणजे मिलिसेकंद. १३ असतील तर आधी १०००ने भागा. हे राहिलं तर सेलभर ##### येतं. कॉलम कितीही रुंद करा, जात नाही, कारण एक्सेलच्या तारखा ३१ डिसेंबर ९९९९ला संपतात.

आता सेकंदांना ८६४००ने भागा, त्यात २५५६९ मिळवा (१ जानेवारी १९७०चा एक्सेलमधला क्रमांक), मग ५.५ भागिले २४ मिळवा (भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे असते) आणि सेलला तारीख-वेळेचा फॉरमॅट द्या. वरच्या आकड्याचं उत्तर १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३:४३:२०. साडेपाच तास विसरलात तर १४ नोव्हेंबर, रात्री १०:१३:२०. रोजच्या विक्रीची बेरीज चुकते ती बहुधा इथेच: मध्यरात्र ते पहाटे साडेपाचचे सगळे व्यवहार आदल्या दिवशी जाऊन बसतात.

न्यू जर्सीसाठी असा एकच आकडा चालत नाही. तिथे हिवाळ्यात ५ आणि उन्हाळ्यात ४ तास वजा करावे लागतात.

गूगल शीट्समध्येही २५५६९च चालतो. एक्सेल लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून २९ फेब्रुवारी १९०० हा कधी न उगवलेला दिवस मोजतं; शीट्स तो मोजत नाही, पण मोजणी एक दिवस आधी सुरू करतं. म्हणून १ मार्च १९००पासून दोघांचे क्रमांक जुळतात. मॅकवरच्या जुन्या फायलींत मात्र १९०४ची पद्धत, म्हणजे १९०४पासून दिवस मोजणारी, असू शकते. सगळ्या तारखा चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेल्या दिसल्या की हेच कारण. तिथे २५५६९ऐवजी २४१०७ घ्या.

सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) तारीख ०३/०४/२०२४ अशी लिहिलेली असेल तर फाइल डबल-क्लिक करून उघडू नका. संगणकाचं रीजन अमेरिकेचं असेल तर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो, तोही गुपचूप. २५/०४/२०२४ मात्र मजकूर म्हणूनच डावीकडे चिकटून राहते. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर ती शीट दुरुस्त करत बसू नका. मूळ फाइल नव्याने इम्पोर्ट करा आणि त्या कॉलमला दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडून द्या.