पाडव्याचे संकल्प कसे मांडावेत

मी वर्षाची आखणी गुढीपाडव्याला करते. जानेवारीत मुलांच्या परीक्षा जवळ आलेल्या असतात. पाडव्याच्या मागेपुढे १ एप्रिलला आर्थिक वर्षही बदलतं, म्हणून पैशांचे बेत सोबतच बसतात.

आधी वहीत मनात येईल ते सगळं लिहा. मग तीनच ठेवा. खोडताना जीवावर येतं, तरी खोडा.

आता प्रत्येक संकल्पाला दिवस आणि वेळ द्या. ‘तब्येत सांभाळायची’ हे पुरेसं नाही. ‘सोमवार ते शनिवार, सकाळी सहाला, दूधवाला यायच्या आत कॉलनीला तीन फेऱ्या’ असं लिहा. बचत करायची तर पोस्टात आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची ठेव, उघडा. महिन्याला १०० रुपयांपासून सुरू होते, मुदत ५ वर्षं. पीपीएफ (सरकारी भविष्य निर्वाह निधीचं खातं) असेल तर पैसे ५ तारखेपर्यंत भरा. व्याज ५ तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकीवर मोजतात, त्यामुळे उशिरा भरलेल्या रकमेला त्या महिन्याचं व्याज मिळत नाही.

हे सगळं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर उतरवा, फोनमध्ये नको. दुधाचे खाडे मांडतो त्याच चौकटीत फेऱ्यांची खूण करा. घरात सगळ्यांना दिसतं. माझ्या सासूबाई विचारतात, “आज गेली नाहीस का गं?” त्या विचारण्याचा मला फार आधार आहे.

दसऱ्याला वही पुन्हा उघडा. मागे पडलेल्या संकल्पाचं माप कमी करा, तीनाऐवजी एक फेरी. नवं काही सुचलं तर ते मागच्या पानावर, पुढच्या पाडव्यासाठी.