रात्रीच्या ट्रकवर झोप कशी सांभाळायची

रात्री दोन वाजता डोळ्यावर येणारी झापड त्याच दिवशी सकाळी आठ ते दुपारी एकच्या दरम्यान तयार झालेली असते. त्या पाच तासांत ड्रायव्हर गाढ झोपला असेल तर रात्र निभते. तेच तास गोदामाच्या फाटकावर नंबर लागायची वाट बघण्यात, फोन घेण्यात, तापलेल्या केबिनमध्ये कूस बदलण्यात गेले असतील, तर चहाचे कितीही कप रिचवा, डोळा लागायचा तो लागतोच. म्हणून सुरुवात दिवसापासून करू.

उदाहरणाला पिंपळगाव बसवंतहून वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला जाणारी गाडी घ्या. अंतर दोनशेएक किलोमीटर. दिवसा लिलाव, संध्याकाळी भरणी, मग वजनकाटा आणि ताडपत्री. गाडी हलायला रात्रीचे दहा-अकरा वाजतात. कसारा घाट उतरून शहापूर, पडघा, भिवंडी हा टप्पा नेमका दोन ते चारच्या मध्ये येतो. घाटात माणूस जागा असतो, कारण गिअर, ब्रेक, वळणं यांत हातपाय गुंतलेले असतात. घाट उतरला की अंग सैल पडतं, रस्ता सरळ होतो आणि पहिली डुलकी तिथे येते. घाट उतरलो म्हणजे अवघड भाग संपला, असं या वाटेवर धरून चालू नये.

दोन ते पाच ही वेळच अशी का, तर शरीराचं घड्याळ तेव्हा तळाला असतं. अंगाचं तापमान उतरतं, हातपाय जड होतात. दुपारी एक ते चारमध्येही असाच, पण हलका उतार येतो. त्यात जागरणाची भर पडते. सलग १७ तास जागा असलेला माणूस प्रतिक्रिया द्यायला तेवढाच मंद होतो, जेवढा १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेला माणूस होतो. आपल्याकडे दारूची कायदेशीर मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून दिवसभर गाडीच्या कामात राहिलेला ड्रायव्हर रात्री अकराला स्टार्टर मारतो, तेव्हा थेंबही न घेता त्याची अवस्था या मर्यादेपलीकडे गेलेली असते. आणि चार सेकंदांची डुलकी म्हणजे ताशी ६० च्या वेगाला ६७ मीटर, ८० च्या वेगाला ८९ मीटर. एवढं अंतर गाडी कुणाच्याही हातात नसते.

दिवसाची झोप

चोवीस तासांत सात तास झोप हवी. रातपाळीवाल्याला ती एका दमात मिळणं कठीण, म्हणून दोन भाग करा: सकाळी पाच तास, संध्याकाळी निघण्याआधी दीड ते दोन तास. वाशीला पहाटे गाडी लागली आणि साडेसहा-सातला खाली झाली, तर थोडं खाऊन आठच्या आत आडवं व्हा. मार्केटमध्ये उन्हात गप्पा मारत, पेपर चाळत दहा वाजवले तर झोप उडते. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं आणि मग अकरापर्यंत डोळा लागत नाही. ठाणे-मुंबईत दिवसा ठरावीक वेळी अवजड गाड्यांना बंदी असते. त्यामुळे सकाळचे बंदीचे तास लागायच्या आत शहराबाहेर पडण्याची घाई होते. रात्र काढून लगेच परतीला निघण्यापेक्षा तीच बंदीची वेळ झोपेला लावा.

संध्याकाळची दीड तासाची झोप बहुतेक जण सोडतात, कारण तेव्हा भरणी चालू असते. हमाल माल भरत असताना ड्रायव्हरचं तिथे उभं राहणं किती गरजेचं आहे ते एकदा तपासा. गोण्या मोजायला क्लीनर किंवा व्यापाऱ्याचा माणूस चालतो. माल समतोल लागला का आणि ताडपत्री नीट बांधली का, एवढं निघताना स्वतः फिरून बघा. दोरांची गाठ ड्रायव्हरने तपासावी, पण गोण्या मोजायला त्याचे डोळे खर्च होऊ नयेत.

केबिनमध्ये झोपायचं असेल तर जागा निवडण्यात पाच मिनिटं घालवा. सकाळी आठला असलेली सावली अकराला राहील का ते बघा. गाडीचं तोंड उत्तरेकडे ठेवलं तर समोरच्या मोठ्या काचेतून ऊन सरळ आत येत नाही. जमीन थोडी उतरती असेल तर डोकं चढाच्या बाजूला ठेवा. बर्थच्या रेक्झिनवर थेट झोपलं की पाठ घामाने भिजते, म्हणून वर गोधडी आणि सुती चादर हवी. पुढच्या काचेला आणि दोन्ही दारांना जाड काळं कापड लावा. पातळ पडद्याने अंधार होत नाही. खिडक्या चार बोटं खाली करून त्यावर मच्छरदाणीचं कापड वेल्क्रोने चिकटवलं तर हवा येते आणि डास येत नाहीत. चोवीस व्होल्टचा छोटा पंखा इंजिन बंद असतानाही बॅटरीवर चालतो. तो साधारण एक अँपियर खातो, त्यामुळे चांगल्या बॅटरीला पाच तासांत काही होत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना एसी केबिन सक्तीची आहे, पण तो एसी इंजिनवर चालतो. बंदिस्त गोदामात, शेडखाली किंवा भिंतीला सायलेन्सर टेकवून उभ्या केलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून कधीही झोपू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागा होऊ देत नाही. खिडक्या बंद करून केबिनमध्ये स्टोव्ह पेटवला तरी हाच धोका आहे.

झोप मोडणारं एक मोठं कारण म्हणजे डिझेलचोरीची भीती. ड्रायव्हर एक कान उघडा ठेवून झोपतो आणि ती झोप अर्धीच भरते. टाकीच्या झाकणाला कुलूप आणि तोंडात जाळी बसवा. गाडी अशी लावा की टाकीची बाजू भिंतीला किंवा ओळखीच्या गाडीला चिकटेल. दिवा आणि कॅमेरा असलेला पेट्रोल पंप त्यासाठी बरा. तेल कंपन्यांनी काही पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी खाट, न्हाणी आणि स्वयंपाकाची जागा केलेली आहे. तुमच्या वाटेवर अशी जागा असेल तर तिचं ठिकाण आधी लिहून ठेवा.

फोनचंही तसंच. शेठ विचारतो कुठे पोचलास, घरून विचारतात जेवलास का, माल घेणारा विचारतो गाडी कधी लागेल. झोपण्याआधी तिघांना एकच निरोप पाठवा: “आता झोपतोय, एक वाजता फोन करतो.” मग फोन क्लीनरकडे द्या. एकटे असाल तर गजर लावून बाकी आवाज बंद करा आणि फक्त घरच्या नंबरला घंटा वाजू द्या.

जेवण आणि चहा

निघण्याआधीचं जेवण दीड-दोन तास आधी आणि नेहमीच्या निम्मं. भाकरी, भाजी, थोडी डाळ. रात्री बाराला ढाब्यावर तूप घातलेली डाळ, ढीगभर भात आणि वर ताक घेतलं की तासाभरात झापड आलीच. भूक लागली तर भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, केळी जवळ असू द्या. पाणी तासाला एक पेला घ्या. लघवीला थांबावं लागेल म्हणून बरेच जण पाणी टाळतात, पण सुकलेल्या अंगाला थकवा लवकर येतो. दर दोन-अडीच तासांनी लघवीसाठी थांबणं ही तोट्याची गोष्ट नाही, त्या निमित्ताने पाय मोकळे होतात आणि हवा बघायला टायरही ठोकून होतात.

चहा-कॉफीचा परिणाम व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि तो हळूहळू ओसरतो. अर्धा अंश पाच-सहा तासांनीही अंगात असतो. म्हणून सकाळी आठला झोपायचं असेल तर शेवटचा कप रात्री दोन-अडीचला. पहाटे पाचला मार्केटच्या टपरीवर घेतलेला चहा सकाळची झोप पळवतो. तंबाखूचंही तेच आहे, निकोटीन झोप उडवतं आणि तुकड्यातुकड्यांत मोडतं.

हायवेवर काही ठिकाणी मिळणारी ‘गोळी’, डोडा (अफूच्या बोंडांचा चुरा) किंवा अफू याबद्दल सरळ सांगतो: हात लावू नका. झोप आणणारा थकवा त्याने जात नाही, फक्त कळेनासा होतो. असर उतरला की सगळा एकदम अंगावर येतो, तोही अनेकदा चालत्या गाडीत. सर्दीच्या साध्या गोळ्यांकडेही लक्ष असू द्या. सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन यांनी पेंग येते. दुकानदाराला “मी रात्री गाडी चालवतो” एवढं सांगितलंत तर तो दुसरी देऊ शकतो.

डुलकी येण्याआधीची चिन्हं

फक्त जांभईवर विसंबू नका. जांभई नसतानाही गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकते आणि तुम्ही झटक्याने सावरता. समोरच्याला डिपर द्यायला उशीर होतो. चढावर गिअर उशिरा पडतो. मैलाचा दगड गेला की नाही हे आठवत नाही. मागची दोन किलोमीटर कशी गेली ते सांगता आलं नाही, तर तेवढ्या वाटेवर तुम्ही अर्धे झोपलेले होतात. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ, एकसुरी रस्त्यावर हे पुरेशी झोप झालेल्यालाही होतं. शिवाय तिथे थांबण्याच्या जागा मोजक्या आहेत, म्हणून कुठे थांबायचं ते चढण्याआधीच ठरवा.

खिडकी उघडणं, गाणी मोठ्याने लावणं, तोंडावर पाणी मारणं, मिरची चावणं याने पाच-दहा मिनिटं निघतात. ती मिनिटं फक्त पुढच्या सुरक्षित जागेपर्यंत पोचायला वापरा. झोपेवर झोपेशिवाय औषध नाही.

वीस मिनिटांची झोप

पंप, टोलनाक्यापुढची पार्किंगची जागा किंवा ढाब्याचं अंगण गाठा. रस्त्याच्या कडेच्या पट्टीवर गाडी लावून झोपू नका. मागून येणाऱ्या दुसऱ्या पेंगुळलेल्या ड्रायव्हरला उभी गाडी चालती वाटते आणि तो सरळ येऊन धडकतो. गाडी बिघडून कडेला उभी करावीच लागली तर चारही इंडिकेटर चालू करा, लाल त्रिकोण निदान पन्नास पावलं मागे ठेवा आणि वळण असेल तर वळणाच्या अलीकडे. मागच्या लाल परावर्तक पट्टीवरची धूळ रोज पुसा. त्या पट्टीनेच गाडी अंधारात दिसते. मदतीला राष्ट्रीय महामार्गावर १०३३, रुग्णवाहिकेला १०८.

गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड किंवा लाकडी ठोकळा लावा, इंजिन बंद करा. मग आधी अर्धा कप कडक चहा घ्या आणि लगेच आडवे व्हा. चहा लागू होईपर्यंत झोप पुरी होते आणि उठताना दोन्हींचा फायदा मिळतो. गजर बावीस-पंचवीस मिनिटांचा लावा. चाळीस-पन्नास मिनिटं झोपलात तर गाढ झोपेच्या मधोमध उठवले जाल आणि डोकं दगडासारखं होईल. वेळ असेल तर पुरे दीड तास झोपा.

उठल्याबरोबर चावी फिरवू नका. पंधरा मिनिटं मेंदू धुक्यात असतो. तोंड धुवा, गाडीभोवती एक फेरी मारा, दांडक्याने टायर ठोका, दोर ओढून बघा. फेरी संपेपर्यंत डोकं ताळ्यावर येतं. वाशीच्या वाटेवर ही झोप घाट उतरण्याआधी, इगतपुरीच्या आसपास घ्या.

पुरेशी झोप घेऊनही रोज दिवसा पेंग येते, मोठ्याने घोरता, झोपेत श्वास अडकून दचकून उठता, सकाळी डोकं दुखतं, शर्टाची कॉलर सतरा इंचांपेक्षा जास्त लागते, असं असेल तर झोपेत श्वास बंद पडण्याचा आजार असू शकतो. झोपेची तपासणी करून घ्या. मास्कच्या यंत्राने यावर खरोखर गुण येतो आणि ते यंत्र इन्व्हर्टरवर केबिनमध्येही चालतं.

दोन ड्रायव्हर आणि मालक

दोघे असाल तर चार-चार तासांनी बदला. ज्याच्याकडे दोन ते सहाची पाळी, त्याने नऊ-साडेनऊलाच झोपावं. चालत्या गाडीतली झोप हलकी असते, तिचे सहा तास उभ्या गाडीतल्या चार तासांएवढे धरा. क्लीनरला लायसन नसेल तर “जरा सरळ रस्ता आहे, धर” असं म्हणून स्टिअरिंग देऊ नका. दोन ते पाचमध्ये त्याचं काम जागं राहून तुमच्याशी बोलण्याचं आहे. त्यासाठी त्यालाही दिवसा झोप मिळायला हवी. तीन-चार रात्री सलग झाल्या की दोन पूर्ण रात्री घरच्या अंथरुणात काढा, साचलेली झोप एका दुपारीत फिटत नाही.

मालकांनी हिशेब सरळ मांडावा. पाच तासांनी निदान अर्धा तास विश्रांती, दिवसाला आठ तास काम, लांबच्या पल्ल्याला फार तर दहा, हे माप मोटार वाहतूक कामगार कायद्याने १९६१ मध्येच घालून दिलं. पुणे ते नागपूर सातशेवर किलोमीटर. भरलेल्या गाडीला थांबे धरून तासाला ४०-४५ ची सरासरी पडते, म्हणजे सोळा ते अठरा तास. एका ड्रायव्हरला मध्ये आठ तासांचा मुक्काम द्या किंवा दुसरा ड्रायव्हर द्या, आणि माल पोचवण्याची वेळ व्यापाऱ्याला त्याप्रमाणे सांगा. गाडीला जीपीएस आहे. वाशीला निघालेली गाडी दोन तास इगतपुरीला उभी दिसली तर फोन लावू नका, ड्रायव्हर झोपला आहे.