मॅक्रोमधून आधीचा कामकाजाचा दिवस काढताना

आमच्या पतसंस्थेच्या रोजच्या ताळमेळ अहवालात बँकेच्या आधीच्या कामकाजाच्या दिवसाची शिल्लक लागते. जुना मॅक्रो (एक्सेलमधील ठरावीक कामे आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) ती तारीख एक्सेलच्या 'वर्कडे' या कामकाजाचे दिवस मोजणाऱ्या फंक्शनने काढत असे. पण ते प्रत्येक शनिवार सुट्टीचा धरते आणि आपल्याकडे 1 सप्टेंबर 2015 पासून बँका केवळ दुसऱ्या व चौथ्या शनिवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार, 7 एप्रिल 2025 साठी मॅक्रो शुक्रवार, 4 एप्रिल दाखवी, वास्तविक पहिल्या शनिवारी, म्हणजे 5 तारखेला, बँक सुरू होती.

मी त्याऐवजी 'वर्कडे_इंटल' हे साप्ताहिक सुट्टीचे वार निवडू देणारे फंक्शन वापरले. त्यात दिवसांच्या जागी उणे 1 (म्हणजे एक दिवस मागे) आणि साप्ताहिक सुट्टीसाठी 11 हा संकेतांक दिला की फक्त रविवार वगळला जातो. दुसरा शनिवार नेहमी 8 ते 14 आणि चौथा 22 ते 28 तारखांमध्ये येतो, म्हणून हे शनिवार सूत्राने काढून राज्यातील बँक सुट्ट्यांसह एकाच तक्त्यात ठेवले. आता 15 एप्रिल 2025 साठी आंबेडकर जयंती, रविवार आणि दुसरा शनिवार ओलांडून अचूक 11 एप्रिल मिळते.

तक्त्यात नव्या वर्षाच्या सुट्ट्या भरलेल्या नसतील, तर फंक्शन कोणतीही त्रुटी न दाखवता चुकीची तारीख देते, आणि हिशेबात हेच सर्वांत घातक असते. म्हणून अहवालाच्या वर्षातील एकही नोंद तक्त्यात नसल्यास मॅक्रो सूचना देऊन थांबतो. आरंभाची तारीखही संगणकाच्या घड्याळाऐवजी अहवालाच्या रकान्यातून घेतली आहे, जेणेकरून जुना अहवाल पुन्हा काढता येईल.