अ‍ॅस्पेनचं कला संग्रहालय वरून खाली बघा
जळगाव-धुळ्याहून मुलांकडे अमेरिकेत गेलात आणि कोलोरॅडोतल्या अ‍ॅस्पेनला जाणं झालं, तर तिथलं समकालीन कलेचं संग्रहालय चुकवू नका. प्रवेश फुकट! सोमवारी मात्र बंद असतं. जपानी वास्तुकार शिगेरू बान यांनी आखलेली ही इमारत २०१४ साली उघडली. बाहेरून विणलेल्या टोपलीसारखी दिसते. आधी लिफ्टने थेट गच्चीवर जा, डोंगर बघा, मग एकेक मजला उतरा. गाव सुमारे २४०० मीटरवर, म्हणजे आपल्या तोरणमाळच्या दुपटीने उंच. पहिल्या दिवशी धाप लागते, म्हणून जिना नकोच. पाणी पीत राहा. कायमचा संग्रह नाही, प्रदर्शनं बदलतात. निघण्याआधी काय चालू आहे ते पाहून घ्या. मांडणी बदलत असताना दालनं बंदही असतात.