पिकअपच्या मागच्या अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन बदलताना या चुका टाळा

अमेरिकेतील फोर्ड एफ-१५० सारख्या पिकअपला ३१ इंची टायरांऐवजी ३५ इंची टायर बसवले की गाडी चढावर मंदावते, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये टिकत नाही आणि ट्रेलर ओढताना इंजिन दमते. यावरचा खरा उपाय म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधील क्राउन व्हील (मोठे दातेरी चक्र) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांची जोडी बदलून गुणोत्तर, म्हणजे क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात, वाढवणे. हे काम घरच्या गॅरेजमध्येही करता येते. मात्र त्यात ताकदीपेक्षा मोजमापाला अधिक महत्त्व आहे, आणि थोड्याच दिवसांत कोकलू लागणाऱ्या बहुतेक नव्या जोड्या मोजमाप गाळल्यामुळेच खराब झालेल्या असतात. पुढील विवेचन मुख्यतः फोर्डच्या ८.८ इंची (क्राउनचा व्यास) अ‍ॅक्सलला धरून केले आहे.

पहिली चूक सुटे भाग मागवण्याआधीच होते. अ‍ॅक्सलच्या झाकणावरील पत्र्याच्या पट्टीवर ‘३एल७३’ असे कोरलेले असेल, तर गुणोत्तर ३.७३ आणि डिफरन्शियल (दोन्ही चाकांत शक्ती वाटणारी यंत्रणा) लिमिटेड स्लिप, म्हणजे एकच चाक घसरून फिरू न देणाऱ्या, प्रकारचे असते. परंतु आधीच्या मालकाने आतले गिअर बदललेले असू शकतात. म्हणून झाकण उघडून दात मोजावेत. क्राउनचे ४१ आणि पिनियनचे ११ दात असतील, तर भागाकार ३.७३ येतो. नवे गुणोत्तर काढण्यासाठी जुन्या गुणोत्तराला नव्या टायरच्या व्यासाने गुणून जुन्या व्यासाने भागावे. ३.७३ गुणिले ३५ भागिले ३१ म्हणजे सुमारे ४.२१. बाजारात त्याच्या अलीकडे ४.१० आणि पलीकडे ४.५६ मिळते. गिअरबॉक्स थेट (१:१) गिअरमध्ये असताना ताशी १०० किलोमीटर वेगाला मूळ गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे २,५१० फेरे घेत होते. ३५ इंची टायरांवर ४.१० ला ते सुमारे २,४५० आणि ४.५६ ला सुमारे २,७२० घेईल. मोठे टायर जडही असतात, त्यामुळे ट्रेलर ओढणाऱ्याने ४.५६ घ्यावे आणि सपाट महामार्गावरच धावणाऱ्याने ४.१० वर समाधान मानावे, असे माझे मत आहे.

चारही चाकांना गती देणारी गाडी असेल, तर पुढच्या अ‍ॅक्सलचे गुणोत्तरही त्याच वेळी बदलावे लागते. मागे ४.१० आणि पुढे ४.०९ इतका फरक चालतो. परंतु मागे ४.५६ आणि पुढे ३.७३ ठेवून कोरड्या रस्त्यावर फोर-व्हील ड्राइव्ह लावला, तर ट्रान्सफर केस (पुढे-मागे शक्ती वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्ट यांच्यावर मोडण्याइतका ताण येतो. काही अ‍ॅक्सलमध्ये ठरावीक गुणोत्तराच्या पलीकडे डिफरन्शियलचा कॅरिअरच (क्राउन ज्यावर बसतो तो सांगाडा) वेगळा लागतो. डाना कंपनीच्या ४४ या अ‍ॅक्सलमध्ये ही सीमा ३.७३ आणि ३.९२ यांच्या मध्ये आहे. फोर्डच्या ८.८ मध्ये अशी अडचण नाही.

खोलताना घाई करू नये. ८.८ मध्ये अ‍ॅक्सल शाफ्ट आतील सी-क्लिपने (सी आकाराच्या कड्यांनी) अडकवलेले असतात, आणि त्या काढण्यासाठी आडव्या पिनचा जो छोटा बोल्ट सोडवावा लागतो तो तुटण्यासाठी कुप्रसिद्ध आहे. त्याला आधी उष्णता द्यावी. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी आणि वर-खाली अशा खुणा कराव्यात, कारण त्या हाउसिंगसोबतच मशीन केलेल्या असतात आणि अदलाबदल झाली तर बेअरिंग नीट बसत नाही. जनरल मोटर्सच्या १०-बोल्ट अ‍ॅक्सलवर काम करणाऱ्याने लक्षात ठेवावे की त्यातील क्राउनच्या बोल्टांचे आटे उलटे असतात. ते सैल करण्याच्या समजुतीने अनेकांनी अधिकच आवळून मोडले आहेत.

सर्वांत जास्त नुकसान पिनियनच्या खोलीत आणि क्रश स्लीव्हमध्ये (पिनियनच्या दोन बेअरिंगांमधील चेपणारी नळी) होते. पिनियन किती आत बसतो हे त्याच्या आतील बेअरिंगमागच्या शिमच्या (पातळ चकतीच्या) जाडीवर ठरते. जुन्या पिनियनखालील शिम ही केवळ सुरुवात असते. तीच बरोबर असेल असे गृहीत धरून झाकण लावून टाकणे ही मोठी चूक आहे. दातांना मार्किंग पेस्ट लावून, क्राउनला थोडा अडसर देत फिरवून, उमटलेला ठसा पाहावा. ठसा दाताच्या मुळाकडे सरकला असेल तर पिनियन जास्त आत आहे, टोकाकडे असेल तर तो बाहेर राहिला आहे. ही चाचणी अनेकदा करावी लागते. म्हणून जुन्या बेअरिंगचे आतील भोक थोडे घासून ते हाताने निघेल असे करून ठेवावे आणि नवे बेअरिंग शेवटीच दाबावे. क्रश स्लीव्ह आणि ऑइल सीलही या चाचण्यांत वापरू नयेत.

खोली ठरली की नवी स्लीव्ह घालून नट हळूहळू आवळावा. नवे बेअरिंग असताना सीलसह पिनियन फिरवण्यास १६ ते २९ इंच-पौंड, म्हणजे सुमारे १.८ ते ३.३ न्यूटन-मीटर, बल लागले पाहिजे. स्लीव्ह चेपू लागेपर्यंत नट फार जड जातो आणि त्यानंतर हे बल भराभर वाढते, त्यामुळे प्रत्येक छोट्या वळणानंतर मोजावे. मर्यादा ओलांडली तर नट मागे फिरवून भागत नाही. चेपलेली स्लीव्ह परत फुगत नाही. नवीच घालावी लागते. म्हणूनच दोन स्लीव्ह आधीच आणून ठेवाव्यात.

त्यानंतर डायल गेजने बॅकलॅश, म्हणजे दातांमधील मोकळीक, मोजावा. फोर्डने ८.८ साठी ०.००८ ते ०.०१५ इंच मर्यादा दिली आहे. दुसऱ्या उत्पादकाची जोडी असेल तर तिच्यासोबतच्या कागदावरील आकडा प्रमाण मानावा. कॅरिअरच्या एका बाजूने शिमची जितकी जाडी काढाल तितकीच दुसऱ्या बाजूला घालावी, अन्यथा बाजूच्या बेअरिंगवरील दाब बदलतो. मूळ शिम बिडाचे असल्याने हातोड्याने फुटतात. तसेच १९९२ ते १९९६ च्या एफ-१५० मध्ये वेगमापकाला संकेत मागच्या अ‍ॅक्सलमधील सेन्सरकडून मिळतो, त्यामुळे त्यात फेरफार टायरच्या व्यासासाठी लागतो, गुणोत्तरासाठी नाही.

नव्या जोडीला पहिल्या फेरीत २५ ते ३० किलोमीटर हळू चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे आणि पहिले ८०० किलोमीटर ट्रेलर जोडू नये. लिमिटेड स्लिप असल्यास तेलात फ्रिक्शन मॉडिफायर घालावा. अ‍ॅक्सलरेटर सोडल्यावरच घरघर येत असेल तर पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आवळून दिलेला दाब) सैल असण्याचा संशय घ्यावा. गिअर टाकताना ठणका बसत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे जॉइंट पाहावेत आणि मगच बॅकलॅशकडे वळावे. ८०० किलोमीटरनंतर तेल बदलताना तळाशी बारीक करडा लगदा दिसणे स्वाभाविक आहे. चकचकीत पापुद्रे किंवा तुकडे दिसले तर गाडी तशीच न चालवता ठसा पुन्हा घ्यावा.