पाऊचच्या सिलेंडरची ऑर्डर द्यायच्या आधी क्यूआरची जागा सोडा

मी बेळगावात पाकिटांची आर्टवर्क करून देतो, जास्त करून घरगुती मसालेवाले, करदंटवाले, काजूवाले, शेवया-पापडवाले असलेच लोक येतात, खानापूर, निपाणी, संकेश्वर, गोकाक सगळीकडनं. आणि हल्ली जो येतो तो एकच विचारतोय, बारकोड बंद होऊन क्यूआर येणार म्हणे, मग आमची छापून ठेवलेली पाकिटं फुकट जाणार काय? प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा सगळं एकदाच लिहून टाकतो, कारण यात घाईनं पण नुकसान होतंय आणि दुर्लक्ष करून पण.

आधी भीती काढून टाका. उभ्या पट्ट्यांचा बारकोड बंद होत नाही. दुकानातला पहिला बारकोड १९७४ च्या जूनमधे अमेरिकेत ओहायोतल्या ट्रॉय गावी स्कॅन झाला, च्युइंगमच्या पाकिटावरचा, तेव्हापासून तो चालत आलाय आणि अजून चालेल. बदल एवढाच, की बारकोडचे नंबर देणारी जी जागतिक संस्था आहे जीएस१, तिनं २०२७ च्या अखेरीपर्यंत दुकानांच्या काउंटरवर जुना बारकोड आणि क्यूआरसारखे चौकोनी कोड दोन्ही वाचता आले पाहिजेत असं ध्येय ठेवलंय. हा सरकारी कायदा नाही, दंड नाही, कुणी तुमचा माल उचलून नेणार नाही. पण तुम्ही आत्ता सिलेंडर, म्हणजे पाऊच ज्यावरनं छापतात तो कोरलेला रूळ, बनवून घेणार असाल तर ते सिलेंडर दोन-चार वर्षं तरी वापरणार, म्हणजे २०२७ ओलांडूनच जाणार, म्हणून विचार आत्ताच करायचा.

आता जुन्या बारकोडमधे असतंय काय तर फक्त १३ आकडे, आपल्याकडचे बहुतेक ८९० नं सुरू होणारे. त्यातनं दुकानदाराला कळतं की ही अमक्याची २०० ग्रॅम मिरची पूड, बस. कुठल्या बॅचची, कधी संपणार, काही कळत नाही. क्यूआरमधे तेच आकडे, वर बॅच नंबर, वर मुदत, असं सगळं बसतं, त्यामुळे मुदत संपलेलं पाकीट काउंटरवर आलं तर बिल होता होताच मशीन अडवू शकतं, आणि एखादी बॅच परत मागवायची वेळ आली तर सगळा माल न उचलता तेवढीच बॅच शोधता येते. खाण्याच्या वस्तूत याचं मोल किती ते ज्याचा एकदा माल परत आलाय त्यालाच विचारा.

पण बाजारात फुकट क्यूआर बनवून देणाऱ्या साईट आहेत ना, तिथनं एक काढला आणि पाकिटावर चिकटवला, असं करू नका, कळकळीनं सांगतोय. माझ्याकडच्या एका मसालेवाल्या ताईंनी तसंच केलेलं, पाच हजार पाऊच छापून आले आणि काही महिन्यांनी त्या साईटची फुकटची मुदत संपली, मग तो कोड स्कॅन केला की दुसरीच जाहिरात उघडायला लागली. पाऊच तर छापलेले, बदलणार कसं. शेवटी प्रत्येक पाऊचवर घरी बसून स्टिकर लावले त्यांनी, दोन्ही पोरी मदतीला घेऊन. आणि मुळात तो क्यूआर काउंटरच्या उपयोगाचाच नव्हता, कारण त्यात मालाचा नंबर नव्हता, नुसती लिंक होती.

बरोबर पद्धत अशी आहे. पहिल्यांदा नंबर जीएस१ इंडियाकडनंच घ्या, कुणाकडनं तरी स्वस्तात घेतलेला नंबर उद्या दुसऱ्याच्याच नावावर निघतो. १००, २०० आणि ५०० ग्रॅमला तीन वेगळे नंबर लागतात, आणि वजन २०० चं १८० केलं तरी नवा नंबर, ही चूक फार जण करतात. मग स्वतःचं एक छोटं डोमेन, म्हणजे वेबसाईटचं नाव घ्या, आणि क्यूआरमधे जी लिंक घालायची तिची ठरलेली रचना आहे तीच पाळा. आधी https:// आणि तुमचं डोमेन, मग स्लॅश, शून्य एक, स्लॅश आणि त्याच्यापुढं मालाचा नंबर. इथं नंबर १४ आकडी लागतो, म्हणून तुमच्या १३ आकड्यांच्या आधी एक शून्य लावायचं. बॅच घालायची तर पुढं स्लॅश, दहा, स्लॅश आणि बॅच नंबर. शेवटची मुदत घालायची तर प्रश्नचिन्ह, सतरा, बरोबरचं चिन्ह आणि सहा आकडी तारीख, आधी वर्ष मग महिना मग दिवस, म्हणजे ३० जून २०२७ असेल तर २७०६३०. एवढं पाळलं की तोच कोड क्यूआर वाचणाऱ्या काउंटरवर बिलाला चालतो आणि गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर तुमचं पानही उघडतो.

दोन बारीक गोष्टी आहेत आणि दोन्ही मी प्रत्यक्ष बघितल्यात. एक, तुमच्या फूड लायसनचा नंबर पण १४ आकडीच असतोय, तो चुकून इथं घालू नका, एका भावानं घातला होता, प्रूफवर, म्हणजे छापायच्या आधीच्या नमुन्यावर पकडला म्हणून वाचला. दुसरी, आपल्याकडं आकडे मराठीत पण टाईप होतात आणि कन्नडमधे पण, लिंकमधे मात्र इंग्रजी आकडेच पाहिजेत, नाहीतर स्कॅनरला तो नंबरच वाटत नाही.

आता खरी गोची, बॅच आणि मुदत. सिलेंडरवर जे कोरलं ते सगळ्या पाऊचवर तेच येणार, बॅच तर दर वेळी बदलणार. म्हणजे सिलेंडरवर फक्त मालाच्या नंबराचा क्यूआर छापता येतो. बॅचसकट पाहिजे असेल तर तो पॅकिंग करतानाच छापायला लागतोय. तारीख मारायचं ते साधं मशीन, जे ठिपक्याठिपक्यांनी दोन ओळी मारतं, त्यावर असला क्यूआर नीट येत नाही. रिबनवालं कोडिंग मशीन किंवा चांगल्या रिझोल्यूशनचं इंकजेट लागतंय. ज्यांचा माल थोडा आहे त्यांनी सरळ रिबनचा लेबल प्रिंटर घ्यावा आणि पाऊचवर पांढरा चौकोन कोरा सोडून त्यावर लेबल लावावं. बिनरिबनच्या, म्हणजे नुसत्या उष्णतेनं छापायच्या कागदाचं लेबल मसाल्याला नको, उन्हानं आणि तेलानं ते काळं पडतं नाहीतर उडतं. आणि खानापूर-जांबोटीकडच्या लोकांनी लेबलचा गम पावसाळ्यात टिकणारा आहे का ते आधी चार पाकिटं बाहेर दमटात ठेवून बघावं.

माझं मत विचाराल तर छोट्या माणसानं आत्ता बॅचच्या मागं लागूच नये. आत्ता सिलेंडरवर साधा क्यूआर घ्या नाहीतर जागा कोरी सोडा, धंदा वाढला, मोठ्या दुकानांनी मागितलं की मशीन घ्या. जागा सोडायला पैसे पडत नाहीत, नंतर सिलेंडर बदलायला पडतात.

जागा किती? क्यूआर म्हणजे छोट्या चौकोनांची जाळी. डोमेन साधारण १२ अक्षरांचं असेल तर नुसत्या नंबराची लिंक सुरुवातीचं https:// धरून ३८ अक्षरांची होते आणि ती २९ बाय २९ च्या जाळीत बसते. बॅच आणि मुदत घातली की ३३ बाय ३३ ची जाळी होते. म्हणूनच डोमेन लहान घ्या म्हणतोय, लांबलचक नाव घेतलं की जाळी दाट होते आणि दाट जाळी पाऊचवर फुटते. एक बारका चौकोन ०.४ मिलिमीटरच्या खाली नेऊ नका, मी तर अर्धा मिलिमीटरच धरतो, २०३ डीपीआयच्या, म्हणजे इंचाला २०३ ठिपके मारणाऱ्या लेबल प्रिंटरवर तो बरोबर चार ठिपक्यांचा पडतो. चारी बाजूंनी चार-चार चौकोनांएवढी पांढरी जागा मोकळी सोडायची, तिच्यात अक्षर नको, रेघ नको, हिरवा ठिपकाही नको. असा सगळा हिशोब करून साधारण २१ बाय २१ मिलिमीटरचा चौकोन राखून ठेवा. आणि मधे लोगो घालायचा हट्ट करू नका, तो लग्नाच्या पत्रिकेवर शोभतो, मालाच्या पाकिटावर वाचण्यात अडथळा होतोय.

हा चौकोन जुन्या बारकोडच्या शेजारीच पाहिजे, त्याच बाजूला. जुना बारकोड काढायचा नाही, बऱ्याच दुकानात अजून लेझरची स्कॅनर गन आहे आणि लेझर गनला क्यूआर दिसतच नाही, त्याला कॅमेऱ्यावाली गन लागते. आपल्या रविवार पेठेतल्या होलसेलवाल्याकडं कुठली गन आहे ते जाऊन बघा एकदा, आणि गोव्याला माल जात असेल तर तिथल्या दुकानदारालाही विचारा. दोन्ही कोडमधे नंबर एकच पाहिजे हे सांगायला नको, तरी सांगतो. पाकिटाच्या सीलवर, घडीवर, खालच्या गसेटवर (तळाच्या दुमडलेल्या भागावर) कोड टाकू नका, पावडर भरली की तिथं फुगतं आणि कोड वाकडा होतो.

रंगाचं तर ऐकाच. संकेश्वरी मिरचीचं पाऊच होतं, मालक म्हणाले सगळं लाल आहे तर कोडही लाल करा, छान दिसेल, मी नवा होतो, केला. मोबाईलवर झटक्यात स्कॅन झाला, आम्ही खूश. दुकानात नेला तर गन वाचेना. कारण काउंटरच्या बऱ्याच गनचा उजेडच लाल असतोय, लाल उजेडात लाल शाई पांढऱ्यासारखीच दिसते, म्हणजे गनपुढं कोरा कागद. सिलेंडर नव्यानं करायला लागला आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. काळा कोड आणि पांढरा बेस, दुसरं काही नको. पाऊच पारदर्शक असेल किंवा चांदीसारखं चमकणारं असेल तर कोडच्या खाली पांढऱ्या शाईचा घट्ट बेस मागून घ्या, शक्यतो मॅट, चमक आली की गन चुकते.

आणखी एक, पाकिटावर क्यूआरची गर्दी करू नका. एक पैसे द्यायचा, एक इन्स्टाचा, एक रेसिपीचा, आणि मग हा चौथा, काउंटरवरच्या पोरानं कुठला दाखवायचा? एकच ठेवा, बाकी सगळं त्याच्याच पानावर घाला.

छापायच्या आधी प्रूफ खऱ्या फिल्मवर मागा, कागदावरचं बघून हो म्हणू नका. त्यात पावडर भरा, सील करा आणि मग तीन-चार दुकानांत नेऊन खऱ्या गनवर दहा-दहा वेळा मारून बघा. ज्यांना मोठ्या साखळी दुकानात जायचंय त्यांनी छापणाऱ्याकडनं कोडच्या छपाईचा ग्रेड रिपोर्ट, म्हणजे कोड किती नीट छापलाय त्याचे गुण घ्यावेत, ४ पैकी १.५ च्या खाली आले तर परत करायला लावा.

आणि त्या पानावर काय लिहायचं, मला सगळ्यात जवळचा वाटणारा भाग हाच आहे. आपल्याकडं १०० ग्रॅमच्या पाकिटावर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही बसवताना अक्षर मुंगीएवढं होतं, म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नाही. कायद्यानं लागणारी माहिती, म्हणजे पत्ता, वजन, एमआरपी, तारीख, घटक, लायसन नंबर वगैरे, हे पाकिटावर छापीलच पाहिजे, ते क्यूआरवर ढकलता येत नाही. पण मिरची कुठल्या शेतातली, तिखट किती, कशात वापरायची, साठवताना काय काळजी घ्यायची, हे पानावर तिन्ही भाषांत मोठ्या अक्षरात लिहा. चिकोडीची आजी मराठीत वाचेल, गोकाकची कन्नडमधे, दोघींना तुमची मिरची सारखीच कळेल. भाषांतर मशीनवर सोडू नका, शेजारच्या कन्नड घरातनं एकदा वाचून घ्या, ते आनंदानं करून देतात.

पान सुरू केलं की डोमेनचे पैसे एक वर्षाचे नाही, चार-पाच वर्षांचे एकदम भरा. फूड लायसनच्या तारखा ज्या वहीत लिहिता, त्याच पानावर डोमेनचीही तारीख लिहून ठेवा, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी त्याचा पासवर्ड माहीत असू द्या.