दोडका संध्याकाळी, घोसाळं सकाळी: एकाच मांडवावर दोन्हींचं बी शुद्ध कसं राखायचं

दोडका आणि घोसाळं ही सख्खी भावंडं. दोघांची गुणसूत्रं 26, फुलं पिवळी, वेल तर लांबून ओळखू येत नाहीत. तरी एका मांडवावर चढवली तर सहसा मिसळत नाहीत, कारण वेळ जुळत नाही. दोडक्याचं फूल संध्याकाळी पाच ते आठच्या दरम्यान उमलतं, घोसाळ्याचं पहाटे चारनंतर. गोव्याच्या बाजारात ही दोन नावं उलटसुलट होतात, म्हणून नावावर जाऊ नका. शिरा हाताला लागल्या तर दोडका, फळ गुळगुळीत असेल तर घोसाळं.

ही भिंत पक्की मात्र नाही. दोडक्याचं फूल रात्रभर उघडं राहतं आणि सकाळी मिटायला लागतं. त्याच वेळी घोसाळ्यावर माश्या फिरत असतात. पावसाळी, ढगाळ सकाळी मिटणं लांबलं की गडबड व्हायला तेवढं पुरे. संकर झालेला त्याच वर्षी दिसत नाही, कारण फळाचा गर आणि साल आईचीच असते. पुढच्या वर्षी अर्धवट शिरांची फळं लागतात आणि त्या वेलांचे बरेच पराग निकामी निघतात.

म्हणून बियाण्यापुरती फुलं हातानं बांधा. दोडक्यासाठी दुपारी चारच्या सुमाराला मादी कळी शोधा. तिच्या मागे बोटाएवढं शिरांचं फळ असतं, नराच्या मागे नुसता देठ. त्याच संध्याकाळी उमलणारी, टोक पिवळं झालेली एक मादी कळी आणि दुसऱ्या वेलावरच्या दोन-तीन नर कळ्या निवडून पाकळ्यांची टोकं दोऱ्यानं सैल बांधा. साडेसहा-सातला दोरा सोडा, नराच्या पाकळ्या काढून टाका आणि पुंकेसर मादीच्या कुक्षीवर, म्हणजे फुलाच्या मधल्या चिकट टोकावर, हलके फिरवा. मग मादी पुन्हा बांधा आणि देठाला रंगीत दोरा लावा, नाहीतर चवथीच्या भाजीला नेमकं तेच फळ तोडलं जातं. घोसाळ्याच्या कळ्या आदल्या संध्याकाळी बांधून परागण सकाळी सहा ते आठमध्ये करा. जुलैत कागदी पिशवी वापरू नका. ती भिजून फुलाला चिकटते आणि फूल कुजतं. मलमलची पिशवी किंवा नुसता दोरा बरा. पराग ओले झाले तर फुटतात, तेव्हा पावसाची उघडीप पाहूनच हात घाला. एवढं करूनही काही फुलं गळतातच. एका फळासाठी तीन फुलं बांधावीत.

बाकीच्या जोड्यांची काळजी कमी. तवशी (काकडी) आणि चिबूड एकाच कुळातले, पण तवशीची गुणसूत्रं 14 आणि चिबडाची 24. शेजारी लावले तरी त्यांचा संकर होत नाही. ‘चिबडामुळे तवशी बिघडली’ हा निव्वळ गैरसमज. कारलं आणि फागलं (करटोली) यांचंही तसंच: 22 आणि 28, शिवाय कारल्याचं फूल सकाळचं, फागल्याचं संध्याकाळचं. फागल्याला नर वेल आणि मादी वेल वेगळे असतात, हे विसरून एकच कंद लावणाऱ्यांना फळ मिळत नाही.

खरा धोका एकाच जातीतल्या दोन वाणांचा. घरचा दोडका आणि शेजाऱ्याचा संकरित दोडका यांच्यात निसर्गानं कसलीच भिंत घातलेली नाही. प्रमाणित बियाण्यासाठी त्यांच्यात 500 मीटर अंतर लागतं, पायाभूत बियाण्यासाठी (ज्यापासून पुढे प्रमाणित बियाणं वाढवतात) 1000. आपल्या परसात एवढी जागा कुठली? तिथे दोराच उपयोगी. गोव्यातल्या खोला आणि हरमल या गावांची मिरचीही एकाच जातीची. ती आपल्याच परागानं फळते, पण माश्या थोडी मिसळ करतातच. बियाण्याच्या झाडांवर फुलं येण्याआधी नायलॉनची जाळी घाला.

बियाण्याचं फळ वेलावरच तपकिरी होऊन खुळखुळू द्या. पाऊस थांबत नसेल तर देठासकट काढून चुलीच्या वर टांगा. बी वाकवल्यावर कट्कन मोडलं की राखेत घोळून बरणीत भरा. किमान पाच-सहा वेलांचं बी एकत्र धरा.

पुढच्या वर्षी प्रत्येक वेलाचं पहिलं कोवळं फळ कापून जिभेला लावून बघा. कडू लागलं तर लगेच थुंका, शिजवू नका. तो कडवटपणा विषारी असतो. तो वेल फुलासकट उपटून टाका.